लातूर यार्डातली लाल मशिनं

६ नोव्हेंबर

आज हदगावात नाक कापलं गेलं. सुदर्शनरावांच्या घराचा स्लॅब होता. मजूर आले, खडी आली, सिमेंट आलं, नारळसुद्धा फुटला, फक्त आमच्याकडून किरायाने ठरलेला, काँक्रीट कालवून वर चढवणारा लिफ्ट मिक्सर आला नाही. आमच्या संगणकात तो नांदेडच्या यार्डात उभा होता. प्रत्यक्षात तो गेल्या आठवड्यातच लातूरला गेलेला आणि ते संगणकाला कुणी सांगितलंच नव्हतं. स्लॅब अर्ध्यात थांबवला की सांध्यातून पुढे जन्मभर पाणी गळतं. शेवटी ज्या दुकानासमोरून मी मान वळवून जाते, त्याच दुकानातून मिक्सर किरायाने आणून दिला.

सुदर्शनराव म्हणाले, "ताई, तुमचा संगणक लई हुशार हाय, पर मशीन कुठं हाय ते त्यालाच ठाव न्हाई."

मी हसले. दुसरं काय करणार?

संध्याकाळी वडिलांना, नानांना सांगितलं, हे सॉफ्टवेअर आता बदलायचं. ज्या पोराने ते बनवलं तो परदेशात गेला, फोन उचलत नाही. ते फक्त दुकानातल्या एकाच संगणकावर चालतं आणि त्या संगणकावर 'हा बंद करू नये' अशी चिठ्ठी डकवलेली आहे. नानांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "चालत्या गाड्याला खीळ घालू नको, विशाखा."

गाडा चालतो कुठे, नाना? आपण ढकलतोय.

१० नोव्हेंबर

ज्याला विचारावं तो म्हणतो, बंद पडेल तेव्हा बदला. दात दुखल्याशिवाय डॉक्टरकडे न जाणारी माणसं आपण. मी माझ्यापुरता नियम केला आहे. संगणकात बघितल्यावर खरं-खोटं करायला फोन लावावा लागला, की तो संगणक मेला असं समजावं. तेरवी तेवढी राहिली.

या नियमाने आमचा कधीच मेलाय. आज दिवसभर मी आणि लातूरचे मन्मथअण्णा फोनवर. तिथलं यार्ड तेच बघतात. त्यांचे वडील मलप्पाकाका नानांचे जुने सोबती, काका गेल्यावर नानांनी लातूर अण्णांच्या हाती दिलं. माणूस चांगला, पण फोनवर सुरू झाला की आधी हवापाणी, मग तुरीचा भाव, मग काम.

"ताई, दोन मिक्सर खाली हायेत. धाडून देऊ का नांदेडला?"

"धाडा."

एवढ्यासाठी चहा गार झाला. हा सगळा वेळ वाचवायचा आहे मला. उद्या पुण्याच्या कंपनीला होकार कळवते. नानांना आवडो न आवडो.

१४ नोव्हेंबर

लातूरला जाऊन आले. निघताना नाना म्हणाले, "अण्णाला विचारल्याशिवाय काही करू नको. लातूरच्या माणसाला दुखवायचं नाही." हे त्यांचं नेहमीचंच. नांदेडला एक व्हायब्रेटर हरवला तर घर डोक्यावर घेतात आणि लातूरला काही झालं की मवाळ. का, ते विचारलं तर चष्मा पुसत बसतात.

यार्डात पाय ठेवला तर तीन गिऱ्हाइकं उभी. क्लासच्या पोरांसाठी लातुरात जिकडेतिकडे मजल्यावर मजले चढतायत. अण्णांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"बदला की. म्या कुठं नको म्हन्तो? पर एक हाय ताई, आमाला मराठीत पाहिजे. माझी माणसं मोबाईलवर मराठी वाचतेत. इंग्रजी आलं की अंदाजानं बटण दाबतेत."

"मराठीत मिळेल. माझी जबान."

"मग झालं. बसा, जेवून जा."

मला उगाच वाटत होतं की विरोध होईल. अण्णा नानांपेक्षा आधुनिक निघाले.

२५ नोव्हेंबर

पुण्याहून वरद आला. कंपनीचा माणूस, गोड बोलतो, दर वाक्यानंतर "राइट?" म्हणतो. सॉफ्टवेअर मात्र बघत राहावं असं आहे. माझ्या स्क्रीनवर नांदेड आणि लातूर शेजारी शेजारी. मशीन रिकामं असेल तर हिरवं, 'अव्हेलेबल'. किरायाने गेलेलं असेल तर निळं. नादुरुस्त असेल तर लाल, 'डाउन'. कोणतं मशीन कुठे हे बसल्या जागी दिसणार, आणि गिऱ्हाइकाची मागणी इथून टाकली की लातूरच्या मोबाईलवर हुकूम जाणार.

मराठीचं विचारलं. वरदने एक बटण दाबलं आणि पहिलं पान मराठीत झालं. 'सुस्वागतम्' वगैरे. "पूर्ण ॲप मराठीत आहे मॅडम, राइट?" मला बरं वाटलं. पुढची पानं बघितली नाहीत, मी तर इंग्रजीतच वापरणार.

नाना मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "यात अण्णाचा आवाज कुठून येतो?"

नाना कधीकधी लहान मुलासारखं बोलतात.

१ डिसेंबर

जुना संगणक बंद केला. चिठ्ठी माझ्या हाताने काढली. नाना त्या वेळी बाहेर जाऊन उभे राहिले, जणू घरात कुणी गेलंय.

नवीन सुरू. लातूरची सगळी माणसं मोबाईलवर आली, तिथल्या मशिनांची नोंद आता तीच टाकणार. दिवसभर एकही फोन नाही. चहा गरम प्यायले.

४ डिसेंबर

लातूरची निम्मी मशिनं लाल आहेत! तीन मिक्सर, दोन ब्रेकर, जनरेटर, सगळं डाउन. मी गेले होते तेव्हा तर यार्ड ठणठणीत होतं. म्हणजे हे आधीपासून असंच असणार आणि फोनवर मला "सगळं झकास हाय" ऐकवलं जायचं. जुन्या पद्धतीत झाकली मूठ होती. नवीन पद्धतीने ती उघडली.

हेच तर पाहिजे होतं. वाईट वाटलं तरी खरं कळलं.

ॲपमधूनच अण्णांना निरोप टाकला: 'नादुरुस्त मशिनांकडे त्वरित लक्ष द्यावे.' थोड्या वेळाने उत्तर: 'बरं.' नुसतं बरं. तुरीचा भावसुद्धा नाही.

९ डिसेंबर

लाल वाढलंय. एक मिक्सर किरायाहून सकाळी परत आला, हिरवा दिसला. मी खूश. दुपारपर्यंत तोही लाल. अहो, मशीन यार्डात नुसतं उभं राहून बिघडतं का? परत येताना चांगलं आणि धुऊन पुसून ठेवलं की नादुरुस्त? काहीतरी शिजतंय. मशिनं डाउन दाखवायची आणि मागल्या दाराने स्वतःची म्हणून फिरवायची, असे प्रकार धंद्यात चालतात. अण्णांबद्दल हे लिहिताना हात जड होतो, पण दैनंदिनीत खोटं लिहून काय उपयोग?

नानांना दाखवलं. ते म्हणाले, "फोन कर ना त्याला."

"नाना, फोन करायचा नाही म्हणून तर एवढं केलं."

"मग काय केलंस?" म्हणाले आणि फिरायला गेले.

१५ डिसेंबर

आज हद्द झाली. लातूरच्या एका गिऱ्हाइकासाठी चार नंबरचा मिक्सर दिला. तिथला तेवढाच एक कितीतरी दिवस सलग हिरवा आहे. अण्णांचा निरोप आला: 'चार नंबर कसा पाठवू? त्याचा गिअरबॉक्स उघडून ठेवलाय. तुम्हाला तिथं दिसत नाही का?'

दिसतंय ना! हिरवंगार दिसतंय. चांगलं मशीन द्यायच्या वेळी गिअरबॉक्स उघडलेला असतो आणि एरवी लाल यादीत नसतो. मी लिहिलं: 'स्क्रीनवर दिसते तेच ग्राह्य धरले जाईल.' लिहिताना जरा साहेबासारखं वाटलं. पाठवल्यावर तितकं बरं वाटलं नाही.

१९ डिसेंबर

व्यंकटी आमचा नांदेडचा मिस्तरी. त्याला हत्यारं घेऊन पहाटेच्या एसटीने लातूरला धाडलं, की सगळी लाल मशिनं उघड आणि खरं काय ते सांग. न कळवता धाडलं. चोर पकडायचा तर दवंडी पिटून जात नाहीत.

संध्याकाळी व्यंकटी परत आला तो ढेकर देत.

"ताई, यार्डाला कुलूप हाय. समदं लातूरच बंद हाय. रस्त्यावर कुत्रं न्हाई."

नाना पलंगावर बसून हसायला लागले. "अगं, आज येळवस! वेळा अमावस्येला लातूरचा माणूस गावात सापडेल का? सगळे शेतात."

मी विसरले होते. आमच्या भागात इतकं नसतं. व्यंकटीने शेवटी अण्णांनाच फोन लावला, त्यांनी त्याला शेतात बोलावून घेतलं, कडब्याच्या खोपीसमोर पंगतीत बसवलं. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, वर आंबील.

"अण्णानी इचारलं, कशाला आलास? म्या म्हन्लं, मशिनं बिघडल्यात म्हणं, ताईनं धाडलंय. तर त्यायनी ताटातला हात काढला. मंग उठून तुमचा डबा भरला."

माझ्यासाठी डबा पाठवलाय. भज्जी मी खाल्ली नाही. निम्मी मशिनं मोडून पडलीत आणि हे शेतात आंबील पितात! नानांनी माझा वाटा खाल्ला आणि म्हणाले, चव मलप्पाच्या घरचीच आहे.

२२ डिसेंबर

ठरलं. लातूरचं यार्ड बंद. मशिनं नांदेडला आणून दुरुस्त करायची, इथूनच दोन्ही जिल्हे बघायचे. जागेच्या मालकांना कळवलं, नवीन वर्षात जागा मोकळी करतो. ते म्हणाले, बरंच झालं, दुसरा माणूस तयारच आहे. अण्णांना रीतसर पत्र पाठवलं.

नानांना आज सांगितलं नाही. निर्णय एकदा घेतला की मागे बघू नये. माझा स्वभावच तसा आहे. पण पत्राची प्रत नाना उघडत नाहीत त्या खणात ठेवली.

२४ डिसेंबर

अण्णांचं उत्तर आलं, ॲपमधूनच.

'मी नको असलो तर तोंडावर सांगायचं होतं. मशीनच्या आडून कशाला? शांतम्माबाईंच्या स्लॅबला जबान दिलीय, तेवढा टाकतो आणि चाव्या देतो.'

मशीनच्या आडून म्हणजे काय, मला कळलं नाही.

२६ डिसेंबर

हे सगळं जसं झालं तसं लिहिते.

सकाळी स्क्रीन उघडली तर लातूरचा सात नंबरचा मिक्सर लालचा निळा झालेला. म्हणजे नादुरुस्त मशीन थेट किरायाने! तेही शांतम्माबाईंच्या स्लॅबला. या रिटायर्ड शिक्षिका, पेन्शनीत घर बांधलं आणि आता वर क्लासच्या मुलींसाठी मजला चढवतायत. अण्णा जाता जाता माझं नाव घालवणार, मोडकं मशीन देऊन बाईंचा स्लॅब अर्ध्यात पाडणार, असंच मी धरून चालले. गाडी काढली. मधे कुठेही थांबले नाही. रस्ताभर काय काय बोलायचं ते पाठ केलं.

गल्लीत शिरले तर मिक्सरचा आवाज. सात नंबर गरगर फिरत होता, लिफ्ट वर जात होती, वर माणसं घमेली ओतत होती. निम्म्याहून जास्त स्लॅब झालेला. शांतम्माबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. "ये गं बाई, चहा घे. कसं पळतंय बघ तुमचं मशीन!"

अण्णा पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. मी सरळ त्यांच्यासमोर गेले.

"हे मशीन तर बिघडलंय ना?"

"कोण म्हन्लं?"

"तुम्हीच! तुम्हीच टाकलंय ॲपवर."

"म्या?" अण्णांचा आवाज चढला. माणसं बघायला लागली. "म्या टाकलं का बिघडलंय म्हणून? हे बघा, डोळ्यांनं बघा." त्यांनी मोबाईल काढून माझ्या नाकासमोर धरला. "मशीन परत आलं की 'प्राप्य'. प्राप्त झालं म्हणून. मंग धुऊन, बघून, चालू करून ठिवलं की 'खाली'. खाली हाय, कुणाला बी द्या. रोज तर टाकून राहिलो!"

त्यांच्या मोबाईलवर रंग नव्हते. नुसते तीन शब्द होते. प्राप्य. भाड्याने. खाली.

मी ते तीन शब्द बघत राहिले. माझ्या स्क्रीनवरचं 'डाउन' इथे 'खाली' झालं होतं. पुण्यात कुणीतरी डाउनचं खाली केलं होतं, वरून खाली पडल्यासारखं. आणि 'अव्हेलेबल'चं प्राप्य, जे आमच्या भागात कुणी जन्मात बोललं नाही. नांदेड-लातूरकडे खाली म्हणजे रिकामं. खाली रिक्षा, खाली खोली, खाली मिक्सर. मी स्वतः दिवसातून दहादा म्हणते. अण्णा तीन आठवडे मला रोज सांगत होते की मशीन तयार आहे, आणि मी वाचत होते मशीन मोडलंय. चांगलं तितकं लाल, आणि गिअरबॉक्स उघडलेलं तेवढं हिरवं.

मला लाज वाटली. इतकी, की वाळूच्या ढिगावर बसले आणि साडीला काय लागतंय तेही बघितलं नाही.

अण्णांना समजावून सांगितलं. व्यंकटीला का धाडलं तेही. त्यांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं होतं हसतील. हसले नाहीत.

"ताई, शब्दाची चूक हाय, ती दुरुस्त हुईल. पर तुमाला वाटलं, म्या मशिनं मोडून राहिलो. मलप्पाचा पोरगा चोरी करून राहिला. आन तुमाला येक फोन करावा वाटला न्हाई. कागद धाडला."

"चुकलं, अण्णा."

"स्लॅब हून जाऊ द्या," म्हणाले आणि वर चढून गेले.

२७ डिसेंबर

वरदला फोन करून जे बोलायचं ते बोलले. त्याने दिवसभरात शब्द बदलून दिले. "मग अव्हेलेबलला काय लिहू मॅडम?" खाली लिही म्हटलं. "आणि डाउनला?" बिमार. त्याने शब्द दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, "राइट."

आता लातूरची सगळी मशिनं हिरवी आहेत, चार नंबर सोडून. बघून रडू आलं. जागेच्या मालकांना फोन केला, त्यांनी दुसऱ्याचा इसार घेतलाय. यार्ड गेलं. आणि अण्णा फोन उचलत नाहीत. आज मी कितीदा लावला ते मलाच माहीत.

सॉफ्टवेअर काढून टाकू का, असंही मनात आलं. नाही. ते चांगलं आहे. वापरणारी उर्मट होती.

२९ डिसेंबर

नानांना सगळं सांगितलं, पत्रासकट. मला वाटलं ओरडतील. ते उठले, खिडकीशी गेले आणि पाठमोरे राहूनच बोलले.

"आपला पहिला मिक्सर कुणाचा होता, माहीत आहे का तुला?"

"तुमचा."

"मलप्पाचा. बीदरहून ट्रकमध्ये घालून आणला होता त्याने. माझ्याकडे स्टेशन रोडवरची जागा तेवढी होती. दुकान माझं म्हणून पाटी माझ्या नावाची लागली, 'रेणुकादास'. पुढच्या वर्षी दोन्ही नावं टाकू म्हणालो. पुढच्या वर्षी लातूरचं यार्ड निघालं, तिथेही तीच पाटी. तो कधी बोलला नाही, म्हणून मीही विसरलो. विसरणं सोयीचं होतं गं."

मी आजवर समजत होते, नानांनी दया म्हणून लातूर अण्णांकडे दिलं. आणि मी पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या सेवेबद्दल आभार.' सेवेबद्दल! अण्णांना हे सगळं माहीत असणार. माहीत असून ते माझं 'त्वरित लक्ष द्यावे' वाचत होते.

"मला लातूरला घेऊन चल," नाना म्हणाले. गुडघ्यांमुळे ते दोन वर्षांत गावाबाहेर गेलेले नाहीत.

३० डिसेंबर

अण्णांच्या घरी गेलो. नाना आणि ते आतल्या खोलीत बसले. काय बोलले मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. मी बाहेर त्यांच्या आईजवळ शेंगा सोलत बसले. दोघं बाहेर आल्यावर मीच तोंड उघडलं. म्हटलं, अण्णा, माफी मागितली आहे, परत मागते. मशिनं मी नांदेडला नेणार नाही. लातुरात दुसरी जागा शोधणार, तुम्ही असाल तर तुमच्यासोबत, नसाल तर तुमच्या वाटणीची मशिनं आधी तुमच्या दारात आणून देणार.

"बघू," अण्णा म्हणाले. निघेपर्यंत चहासुद्धा बिनसाखरेचा वाटत होता.

पण परतीच्या वाटेवर, अहमदपूरच्या अलीकडे, त्यांचा फोन आला. "औसा रोडला आमचं रान हाय, सडकेला लागून. मुरूम टाकला तर मशिनं ऱ्हातेत. किरायानं देतो, फुकट न्हाई."

"मंजूर."

"मालाचं काय ते स्क्रीनवर. माणसाचं काय ते फोनवर."

"मंजूर अण्णा."

"आन तूर पडलीय बरं का. लई पडलीय."

मी गाडी बाजूला घेतली आणि तुरीचा भाव शेवटपर्यंत ऐकला.

५ जानेवारी

औसा रोडच्या रानात मुरूम पडला, मशिनं आली, चार नंबरसुद्धा. मोबाईलवर माणसं पटापट 'खाली' टाकत होती. नानांनी हट्टाने खुर्ची सडकेच्या कडेला मांडून घेतली, कारण पेंटर नवीन पाटी रंगवायला आला होता. पत्रा मोठा घेतलाय.

पेंटरने खडू काढला. "काय लिहू? रेणुकादास ना?"

"मलप्पा," नाना म्हणाले. "मोठ्या अक्षरात. मधोमध."

अण्णा पलीकडे ट्रकची दोरी सोडत होते. त्यांचे हात थांबले.

"आन तुमचं नाव, मालक?"

"जागा उरली तर."

पेंटरने माझ्याकडे बघितलं. मी नानांकडे बोट केलं, तो अधिकार माझा नव्हता. अण्णा दोरी टाकून आले. पत्र्यासमोर उभे राहिले, कितीतरी वेळ, पाटी रिकामी असताना तिच्यावर काहीतरी वाचत असल्यासारखे. मग शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि पेंटरच्या हातातला खडू घेऊन पत्र्यावर मधोमध आडवी रेघ मारली, दोन नावं मावतील अशी.

"जागा लई हाय, नाना," ते म्हणाले.